तिकिटावर नंबर आपलाच टाकून घ्या
"विमान रद्द झालं तर कंपनी पैसे देतेच" असं लोक म्हणतात. तिकिटाच्या पैशांच्या परताव्यापुरतं ते खरं आहे, पण त्रासाबद्दल वर मिळणाऱ्या भरपाईचं वेगळं. बुकिंगच्या वेळी संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई नाही, असं डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमातच आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे तिकीट काढतो सेंटरवाला अन् मोबाइल नंबर टाकतो स्वतःचा. मागच्या हिवाळ्यात बाबांना दिल्लीला दाखवायला न्यायचं होतं. विमान रद्द झाल्याचा मेसेज रात्री त्याच्या फोनवर आला, तो झोपलेला. आम्ही रात्री दीडला गाडी करून नागपूर गाठलं. बाबा मांडीवर रिपोर्टांची पिशवी धरून बाकावर कुडकुडत बसले होते. फार वाईट वाटलं. तिकीट निघेपर्यंत काउंटरवरून हलू नका, स्क्रीनवर आपला नंबर वाचूनच पैसे द्या.