मदत हवी आहे: फुटबॉलवेड्या काउंटीत मुलांचं हर्लिंग कसं टिकवायचं?

आम्ही आयर्लंडमध्ये मीथ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहतो. गावच्या क्लबात बारा वर्षांखालच्या मुलांच्या हर्लिंगला, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश मैदानी खेळाला, मी हातभार लावतो. इथे गेलिक फुटबॉलचाच (हात-पाय दोन्ही वापरून खेळायच्या आयरिश फुटबॉलचा) जोर. 1999 ते 2025 ऑल-आयर्लंड हर्लिंग (काउंटी संघांची सर्वोच्च स्पर्धा) जिंकलं ते सहाच काउंटींनी: किल्केनी, कॉर्क, टिपररी, क्लेअर, गॉलवे आणि लिमरिक. ही यादी वाढावी असं मनापासून वाटतं, पण त्याची सुरुवात या वयातच व्हायला हवी.

अडचण अशी, की दोन्ही खेळांना मुलं तीच. फुटबॉलची मॅच आली की हर्लिंगचा सराव रद्द. स्लिओटर (हर्लिंगचा चेंडू) हर्लीच्या (काठीच्या) पात्यावर तोलत पळणं आठवड्यातून एकदा खेळून येत नाही हो!

घरी भिंतीवर स्लिओटर मारायचा सराव दिला, क्लबच्या हर्ली उसन्या दिल्या. फुटबॉलवाल्यांशी बोलून वार वाटून घेतले, ते दोन आठवड्यांत मोडले. सगळे स्वयंसेवक आहोत, पगारी कोच परवडणार नाही, मैदानही एकच.

तुमची मुलं दोन्ही खेळांच्या क्लबात असतील तर नेमकं सांगा: वेळापत्रक क्लबची समिती ठरवते, की त्या वयोगटाचे दोन्ही खेळ एकच प्रशिक्षक बघतो? आणि मॅचच्या आठवड्यातही हर्लिंगचा वार खरंच पाळला जातो का?