रात्री कुशीवर पाजताना हात-खांदा धरतो, काय करू?

ताई-मावश्यांनो, मदत हवी आहे. आम्ही खानापूरजवळ राहतो. लेक चार महिन्यांची, माझ्याशेजारीच झोपते. कुशीवर पाजता पाजता खालच्या हाताला मुंग्या येतात, सकाळपर्यंत खांदा आखडतो. हात काढला की ती दचकून उठते. दूध गळून गाऊन ओला, त्यात इथला पावसाळी गारठा! पाठीला लोड, गुडघ्यांत उशी घेतली. कंबरेला बरं वाटलं, खांद्याला नाही. सासूबाई बसूनच पाज म्हणतात, पण बसल्या बसल्या डोळा लागला तर बाळ निसटेल, ही भीती मोठी. उशा-दुपटी तिच्या तोंडापासून लांबच ठेवते. पहिले ६ महिने फक्त अंगावरचंच द्यायचंय. तुम्ही खालचा हात नेमका कुठे ठेवता? कूस न बदलता दुसऱ्या बाजूचं पाजता येतं का?