किनाऱ्याने जायचं, घाटाने परतायचं: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
जुनी गाडी विकायला काढलीय, म्हणून काल तिचे कप्पे रिकामे करत होते. आरसीच्या पाकिटात दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं तिकीट सापडलं, शाई पार उडालेलं. लेक पहिलीत होती तेव्हाचं असणार. ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर गाठलं, तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून रमतगमत वेंगुर्ल्यापर्यंत गेलो, आणि आंबोली चढून कोल्हापूरमार्गे पुण्याला घरी आलो.

आता लेक कॉलेजात आहे आणि मैत्रिणींबरोबर तोच रस्ता करायचा म्हणते. बाईसाहेबांचा बेत: सकाळी हरिहरेश्वर, रात्री मालवण! मॅप म्हणतो जमेल. अगं, सागरी महामार्ग कागदावर रेवस ते रेडी आहे, पण खाडी आली की तुटतो. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, एवढ्या ठिकाणी गाडी बोटीत चढवायची आहे. धक्क्यावर पुढे टेम्पो ट्रॅव्हलरची रांग असली की मॅप काय करणार?

तर तुम्ही बेत कसा आखलात, ऐनवेळी काय बदललं, मुक्काम कुठे केलात, सगळं लिहा. तिला हाच धागा वाचायला देणार आहे. आईचं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

डबलबेल
दिवसाला दोन खाड्या, बास. तिसरी दिसली की मुक्काम.

फेरीवर कधी कधी गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि शेवाळ असतं. ज्याचा हात बसलाय त्यानेच चालवावी, बाकीच्यांनी उतरून चालत बोटीत जावं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचं म्हणणं, घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, आणि चढणाऱ्याला आधी वाट दे. मागे करूळ घाट उतरताना पुढच्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास आमच्या गाडीत येत होता. वैभववाडीत बघतो तर तो गृहस्थ चाकांवर बाटलीने पाणी ओततोय. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते हो. नुसती उभी करा आणि चहा घ्या.

कोलंबीभात
जून-जुलैत जाऊन "ताजी सुरमई कुठे मिळेल" विचारणाऱ्यांसाठी: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा मिळते ती बहुतेक बर्फातली. खाडीची मासळी मिळाली तर नशीब.

आम्ही डिसेंबरात हर्णैला संध्याकाळच्या लिलावाला गेलो होतो. बोटी बाहेर उभ्या, बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात, बायका टोपल्या घेऊन बोली लावतायत. नवऱ्याला चेव आला, त्याने हातभर सुरमई घेतली. आंजर्ल्याला मुक्कामाला पोचलो तर काकू म्हणाल्या, आज संकष्टी, आमच्या चुलीवर मासे चढत नाहीत. सुरमईने शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये मुक्काम केला.

उगाचच
मोदक तरी मिळाले का?

कोलंबीभात
मिळाले ना. सुरमई आणणारा माणूस किती खाल्ले ते मोजायचं विसरला.

दर्यावरी
सगळे हॉटेल-हॉटेल करताय, पंचांग कोण बघणार?

आमच्याकडे साधा हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ आली. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. रोज पाऊण तास पुढे सरकते. वद्य पक्षात प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण फिरणाऱ्याला पुरतं.

याचा उपयोग काय? हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची, ओहोटीला तिथे नुसती कपार दिसते. तेही अष्टमीच्या भांगापेक्षा, म्हणजे लहान भरतीपेक्षा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त उसळतं, आणि तेव्हा कडेला जायचं नाही, खडक निसरडा असतो. उलट कुणकेश्वरला समुद्रातल्या पिंडी ओहोटीलाच उघड्या पडतात. म्हणजे कुठल्या गावात सकाळी असायचं आणि कुठल्या गावात संध्याकाळी, ते तिथीवरून ठरवा.

आणि पुळणीवर गाडी घालू नका. चाक रुतलं की गाववाले दोरखंड घेऊन येतात, भरती कुणासाठी थांबत नाही.

उगाचच
पाऊणकी पाठ असलेली पिढी संपली हो दर्यावरी. आता अॅपला विचारतात.

दर्यावरी
विचारू देत की. रेंज असेल तिथे.

सॅनहोजेकर
विषय कोकणाचा आहे, पण राहवत नाही. इकडे कॅलिफोर्नियात किनाऱ्याचा हायवे वन (नंबर १) करताना बरेच जण उत्तरेकडून दक्षिणेला जातात. इथे गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे तसं गेलं की समुद्र आपल्या बाजूला येतो आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. आपल्याकडे डावीकडून चालवतात, म्हणजे हिशोब उलटा! रेडीकडून वर आलात तर समुद्र तुमच्या डाव्या हाताला, तुमच्याच लेनला.

दरडी इथेही आहेतच. २०१७च्या मे महिन्यात बिग सूर भागात मड क्रीकला अख्खा डोंगर रस्त्यावर आला, तो रस्ता २०१८च्या जुलैत उघडला. आईबाबा नेमके तेव्हाच आलेले. त्यांना आतल्या १०१ नंबरच्या हायवेने नेलं. बाबा घरी जाऊन सांगत होते, अमेरिकेत लेट्यूसची शेतं फार छान आहेत.

रानजाई
सॅनहोजेकर, हे इतक्या वर्षांत डोक्यातच आलं नव्हतं! म्हणजे आधी आंबोली उतरायची, मग किनाऱ्याने वर यायचं आणि ताम्हिणी चढून घरी. शिवाय दमलेले असताना शेवटचा टप्पा पुण्याच्या जवळचा.
(बाबांना नमस्कार सांगा.)

मुळशीकर
पण मग ताम्हिणी रविवारी संध्याकाळी चढू नका. पावसाळ्यात तर नकोच, प्रत्येक धबधब्याखाली एक गाडी आणि एक स्पीकर असतो.

घाट नेहमी दोन हाताशी ठेवावेत. पावसाळ्यात वरंधा पुष्कळदा बंद असतो, बातम्या बघून निघा. आंबोलीत अडचण असेल तर फोंडा घाट आहे. वर दाजीपूरचं जंगल, पुढे शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरी धरण. पाणी ठरावीक पातळीला आलं की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात. आम्ही आंबोली हुकली म्हणून त्या बाजूने गेलो आणि आता मुद्दाम जातो. रत्नागिरीतूनच वर यायचं असेल तर आंबा घाट. चिपळूणहून कुंभार्ली, पण तिथे मालट्रक भरपूर.

आंबोलीत मुक्काम केलात तर पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी काही वाळणार नाही, वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. तरी रात्री टॉर्च घेऊन माहितगार माणसाबरोबर फिरा. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर हात लावू नका, तो तरंगत उडी मारणाऱ्या हिरव्या बेडकाचा अंड्यांचा झुबका असतो.

पिवळीचाफी
आमच्याकडे बेत एकाच गोष्टीवर ठरतो: सासूबाईंना घाट लागतो. तुमचे सगळे घाट वाचूनच त्यांना मळमळायला लागेल.

डबलबेल
पुढच्या सीटवर बसवा, लांब समोर बघायला सांगा, काच थोडी खाली. आणि मोबाइल काढून घ्या.

पिवळीचाफी
मोबाइल काढून घ्या म्हणे. तुम्ही या आमच्याकडे आणि तुम्हीच घ्या.

कोलंबीभात
आवळा सुपारी. दुसरं काही नको. आणि निघताना पोट रिकामं नको, वड्याने भरलेलंही नको. मऊभात किंवा घावणे.

देवगडकार
कोण तो वर देवगड सोडून गेलो? देवगडाक येतत, पवनचक्क्यांकडे फोटो काढतत आणि मालवणाक पळतत. विजयदुर्ग बघा, वाईच बसा. एक दिवस रवलात तर काय बिघाडता?

रानजाई
देवगडकार, यादीत घातलं. विजयदुर्गला मुक्काम करायचा की देवगडात?

देवगडकार
खयव करा, पण जेवणाचा दुपारीच सांगून ठेवा. रात्री आठाक जावन थाळी मागलात तर कोण मासे साफ करतलो?

निवांतनाना
इलेक्ट्रिक गाडीने कुणी केलंय का? मी रत्नागिरीपर्यंत गेलोय. मुक्काम ठरवताना फोनवर एकच विचारायचं, पडवीत पंधरा अँपिअरचा प्लग आहे का. गुहागरला मालक म्हणाले आहे. रात्री लावली, मध्येच वीज गेली. सकाळी मीटर होता तिथेच. दिवसभर वाडीत पडून राहिलो, शहाळी प्यायलो. बायको म्हणाली, हाच दिवस सगळ्यात चांगला गेला.

उगाचच
पेट्रोलवाल्यांनी हसू नये. आतल्या रस्त्याला पंप लांब लांब आहेत. टाकी अर्धी झाली की भरा.

रानजाई
लेकीने वाचलं. नवा बेत: सावंतवाडीत मुक्काम, मग वेंगुर्ले, मालवण, विजयदुर्ग, गणपतीपुळे, गुहागर, आंजर्ले, घरी. गुहागर-आंजर्ले दिवशी एकच खाडी. भरतीचं गणित तिने वहीत लिहून घेतलं, हे मला झेपलेलं नाही. मार्चमध्ये जाणार आहेत, तेव्हा वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ना?

दर्यावरी
हो, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पण आज पिल्लं निघतील का ते घरट्यावर अवलंबून, गावात फोन करून जा. आंजर्ल्याहून केळशीमार्गे सकाळी लवकर निघा. पुढे वेसवीची फेरी आहेच.

सॅनहोजेकर
अवांतर: आवळा सुपारी विमानात चालते का? आईबाबा परत येतायत, यावेळी योसेमिटीचा घाट आहे.

कोलंबीभात
मी पापडांच्या डब्यात नेली होती. कुणी विचारलं नाही. पण फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून टिक करा बाई.

सॅनहोजेकर
बाई नाही, बुवा आहे.

कोलंबीभात
बरं बुवा. टिक करा.