कॅनडाचा दाखला अर्धाच दिलाय

"कॅनडात गांजा खुला केला, काही आभाळ कोसळलं नाही" असं वर कुणीतरी लिहिलंय. अर्धं खरं आहे. २०१८ मध्ये विक्री सुरू झाली, तरी शाळकरी पोरांचं ओढणं एकदम भडकलं नाही. पण गांजाची चॉकलेटं, गमीज (चघळायच्या मऊ गोळ्या) बाजारात आल्यावर खाऊ समजून ती तोंडात टाकलेली लहान मुलं इस्पितळात जास्त येऊ लागली. कॅनडातल्याच क्वेबेक प्रांताने असली मिठाई आधीच रोखली होती, तिथे तशी वाढ दिसली नाही. म्हणजे नुसतं 'कायदेशीर की बेकायदा' विचारून भागत नाही, काय विकू देता ते बघा.

आपल्याकडे २०१९ च्या केंद्रीय सर्वेक्षणात वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतलेले सुमारे २.८ टक्के निघाले, त्यात भांगवालेच जास्त. (भांगेची पानं १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा धरत नाहीत, हे होळीला सगळ्यांना आठवतं!) मुंबई विमानतळावर मात्र बँकॉकहून आलेला हायड्रोपोनिक (मातीशिवाय, पाण्यावर वाढवलेला) गांजा वारंवार पकडला जातोय. हा माल जुन्या चिलमीतल्यापेक्षा बराच कडक असतो, आणि कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांना सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) धोका वाढतो. मला काळजी त्याची आहे, भांगेची नाही.