'स्लूथ'ची खोटी श्रेयनामावली: लबाडी की खेळ?

तिसरी घंटा: कालच्या धाग्यात एकाने 'स्लूथ'ला "तिकीट काढून आलेल्यांना गंडवणारं नाटक" म्हटलंय. म्हणजे पाणीपुरी तिखट लागली म्हणून भैयाशी भांडायचं! इंग्रज नाटककार अँथनी शाफरने १९७० साली काय केलं? रहस्यकथाकार वाइक बायकोच्या प्रियकराला, मायलोला, विदूषकाचे कपडे घालून स्वतःच्याच घरात चोरी करायला लावतो आणि गोळी झाडतो. मायलो मेला असंच आपल्याला वाटतं. दुसऱ्या अंकात तपासाला येणारा इन्स्पेक्टर डॉपलर म्हणजे वेष बदललेला मायलोच. ते फुटू नये म्हणून डॉपलरपुढे भलत्याच नटाचं नाव छापलं. सार्जंट टॅरंट, कॉन्स्टेबल हिग्ज तर रंगमंचावर येतच नाहीत, तरी त्यांनाही नट दिले. मी तर टाळ्या वाजवीन.

नेपथ्यवाला: वाजवा. "गंडवणारं" मीच लिहिलंय. रंगमंचावर खुशाल फसवा, पण छापील कागद निर्मात्याने दिलेला शब्द असतो. 'तो मी नव्हेच'मध्ये पणशीकर पाच भूमिका करतात हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. गर्दी कमी झाली का?

तिसरी घंटा: अहो, तिथे पणशीकरांना ओळखण्यातच मजा होती! डॉपलर ओळखला तर दुसऱ्या अंकात बघायचं काय, सोफा?

कॅरमवेडा: आभारी आहे. मी 'स्लूथ' बघितलं नव्हतं. आता वेळ वाचला.

तिसरी घंटा: पन्नास वर्षं उलटली हो त्याला.

उमा_ठाणे: म्हणून काय झालं? एका मराठी रहस्यनाटकाच्या मध्यंतरात, वड्याच्या रांगेत, एका काकांनी खुनी कोण ते खणखणीत आवाजात सांगितलं. वर मलाच, "तुम्हाला कळलं नव्हतं?" पुढचा अख्खा अंक मी त्या नटाच्या हातमोज्यांकडे बघत काढला. असल्यांना पुन्हा आत सोडूच नये.

नेपथ्यवाला: काकांना कशाला बोल? अंधारात मोबाइल उघडून बसणारी तुमची तरुण मंडळी काय कमी ताप देतात?

उमा_ठाणे: ते काका तुम्हीच होतात का?

नेपथ्यवाला: ताई, पातळी सोडू नका.

कॅरमवेडा: वड्यावर किती वेळ? मायलोचा बाप इटलीहून आलेला, म्हणून वाइक त्याला सतत हिणवतो असं ऐकलंय. त्यावर कोणी बोलेल?

नेपथ्यवाला: ते मात्र जमलंय, नाइलाजाने कबूल. पुढे १९७१ चं टोनी, म्हणजे अमेरिकेतलं मोठं नाट्यपारितोषिकही मिळालं. त्या कागदावर तरी खरी नावं असतील अशी आशा.

कॅरमवेडा: आता शेवटी कोण मरतं तेही सांगून टाका.

तिसरी घंटा: मायलो.