राजीनामा आला, पण कशासाठी दिला ते कुणी सांगेल का?

तळ्याकाठचा
काल दुपारपासून घरी, गाडीत, फोनवर सगळीकडे एकच विषय चाललाय, मंत्री धनंजय मुंडेंचा राजीनामा. लोक पेढे वाटल्यासारखे मेसेज टाकतायत आणि मला मात्र काहीच साजरं करावंसं वाटत नाहीये. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण आणि खून ९ डिसेंबर २०२४ चा, आणि त्यात मुंडेंचा जवळचा माणूस वाल्मिक कराड मुख्य आरोपी. राजीनामा ४ मार्च २०२५ ला. मोजले मी, ८५ दिवस. आणि आला कधी, तर देशमुखांना मारतानाचे ते फोटो टीव्हीवर आणि मोबाईलवर आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते फोटो आरोपपत्रातले आहेत, म्हणजे तपास करणाऱ्यांकडे आधीपासून होते. गेल्या आठवड्यात आरोपपत्र दाखल झालं तेव्हाही कुणी हललं नाही, आपण बघितलं आणि मग हलले. ह्याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय.
आणि कारण काय दिलं? स्वतः मुंडे म्हणाले फोटो बघून मन व्यथित झालं, सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून, आणि वर तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी उपचार घ्यायला सांगितलंय. त्यांचे पक्षाचे नेते अजित पवार म्हणाले नैतिकतेवर दिला. मग नक्की कशावर दिला? नैतिकता असेल तर ती डिसेंबरात का नव्हती, आणि तब्येत असेल तर बरे झाल्यावर परत मंत्री होणार का? माझं म्हणणं एवढंच की मंत्र्याने पद सोडताना का सोडतोय हे एका वाक्यात लोकांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. नाहीतर राजीनामा दिलाय की सुट्टी घेतलीय हेच कळत नाही.

सरळमार्गी
भावना समजू शकतो दादा, फोटो मीही बघितले आणि रात्रभर झोप नाही लागली, पण एक विचारू का, मुंडे ह्या केसमध्ये आरोपी आहेत का? नाहीत. आरोपपत्रात आरोपी म्हणून त्यांचं नाव नाही. जवळचा माणूस आरोपी क्रमांक एक आहे म्हणून मंत्र्याने जावं, हा नियम एकदा लावला की उद्या कुणाचाही कार्यकर्ता, भाऊ, पीए कशात सापडला की त्याचं पद गेलंच समजा. कोर्टात काही सिद्ध व्हायच्या आधी लोकांनी शिक्षा ठरवायची ही सवय वाईट आहे. आज तुम्हाला न आवडणाऱ्या माणसावर चाललीय म्हणून बरी वाटते.

परळीपासून_लांब
मी बीड जिल्ह्यातलाच, आता नोकरीला बाहेर आहे. सरळमार्गी, तुम्ही नियमाचं बोलताय ते लांबून बरोबर वाटतं हो. पण २८ डिसेंबरला बीडमध्ये जो मोर्चा निघाला तो एकदा आठवा, कितीतरी माणसं आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात चालली असतील. ती काय मागत होती? फाशी तर मागतच होती, पण त्याच्याआधी मागत होती की ज्याच्या जवळच्या माणसाची चौकशी चाललीय तो सत्तेत बसलेला नको. साक्ष द्यायला जो गावातला माणूस जाणार आहे त्याच्या डोक्यात काय चालतं ह्याचा विचार करा. त्याला कुणी धमकी द्यायची पण गरज नसते, नुसतं मंत्र्याची गाडी रस्त्याने गेली तरी तो दोनदा विचार करतो.
आणि हे सरकारला कळत नव्हतं असंही नाही. जानेवारीत पालकमंत्री ठरवले तेव्हा बीड मुंडेंना दिलं नाही, अजितदादांनी स्वतःकडे घेतलं. का घेतलं मग? जिल्ह्याचा पालकमंत्री म्हणून जो माणूस नको वाटतो तो राज्याचा मंत्री म्हणून कसा चालतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

सरळमार्गी
हा पालकमंत्र्यांचा मुद्दा मात्र चांगला आहे, त्याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

जुना_वाचक
वय झालंय त्यामुळे जुनं आठवतं. १९८२ च्या जानेवारीत सिमेंट प्रकरणात हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि अंतुलेंचं मुख्यमंत्रिपद गेलं. १९८६ ला निलंगेकर मुख्यमंत्री होते, मुलीच्या एमडीच्या परीक्षेतल्या मार्कांवरून कोर्टाने ताशेरे मारले आणि खुर्ची गेली. मार्कांवरून, लक्षात घ्या. आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही की परीक्षेच्या मार्कांवरून मुख्यमंत्री जातो. तेव्हा पण लोक चिडले होते, पण कोर्टाचा कागद आधी होता आणि राजीनामा नंतर. आता कागद असून चालत नाही, फोटो लागतो, आणि फोटो पण इतका भयानक की माणूस बघू शकणार नाही. मग ज्या प्रकरणात असा फोटो नसेल त्याचं काय होणार? त्या घरच्या लोकांनी कुणाकडे जायचं?

आबांचा_माणूस
काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण जुनं सगळं सोनं नव्हतं. मी तासगावकडचा, त्यामुळे मला २००८ विसरता येत नाही. २६/११ नंतर आर. आर. पाटील म्हणजे आबांच्या तोंडून एक वाक्य गेलं, मोठ्या शहरात अशा छोट्या गोष्टी होतात अशा अर्थाचं, तेही हिंदीत बोलताना, आणि १ डिसेंबरला त्यांना गृहखातं सोडावं लागलं. वाक्य चुकीचंच होतं, १६० च्या वर माणसं गेली होती आणि घरचा कुणी गेलेला माणूस ते ऐकेल तर त्याला काय वाटेल हे आबांनी बोलायच्या आधी बघायला हवं होतं. विलासरावांचं पण तसंच, ताजमध्ये पाहणीला जाताना बरोबर सिनेमावाला डायरेक्टर आणि मुलगा, त्यावरून मुख्यमंत्रिपद गेलं.
पण मग त्या हल्ल्यात यंत्रणा कुठे कमी पडली त्यावर आपण किती बोललो? वाक्यावर आणि त्या डायरेक्टरवर बोललो. दोन राजीनामे मिळाले आणि राग उतरला. पुढच्याच वर्षी विलासराव दिल्लीत केंद्रीय मंत्री, आबा निवडून येऊन परत गृहमंत्री. मला आबांचं परत येणं चुकीचं वाटत नाही, लोकांनी मतं दिली होती. पण म्हणूनच म्हणतो, राजीनाम्याने काही मिळतं हा भ्रम आहे.

तळ्याकाठचा
आबांचा माणूस, तुमचं निम्मं पटलं. राग उतरतो हे खरंच आहे, आज सकाळपासूनच दिसतंय, काल ओरडणारे आज क्रिकेटवर गेले. पण म्हणून राजीनामा मागायचाच नाही हे पटत नाही. २०१२ आठवतंय ना, सिंचन घोटाळ्याच्या आरोपांवरून अजित पवारांनी सप्टेंबरात उपमुख्यमंत्रिपद सोडलं आणि डिसेंबरात परत शपथ. मध्ये सरकारने स्वतःच श्वेतपत्रिका काढली आणि तेवढ्यावर झालं. म्हणून मी कारण मागतोय. कशासाठी सोडलं हे लिहिलेलं असेल तर परत येताना त्याच कारणाचं काय झालं हे विचारता येतं. तब्येत लिहिलं की काय विचारणार?

कलम_१६४
थोडं कायद्याचं, कारण दोन्ही बाजूंनी गोष्टी मिसळल्या जातायत. मंत्रिपद हा कुणाचा हक्क नाही. घटनेच्या कलम १६४ प्रमाणे मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत राहतो आणि व्यवहारात ती मर्जी म्हणजे मुख्यमंत्र्यांचा सल्ला. म्हणजे मंत्र्याला काढायला ना एफआयआर लागतो ना निकाल. त्यामुळे "सिद्ध कुठे झालंय" हे उत्तर तुरुंगात टाकायच्या वेळी बरोबर आहे, मंत्रिपदाला ते लागू होत नाही. तसंच मंत्रिपद गेलं तरी आमदारकी राहते, मुंडे आजही परळीचे आमदार आहेत. आमदारकी जायला दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा व्हावी लागते, २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ती लगेच जाते, वरच्या कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली तरच वाचते.
आता हे शेजारी ठेवून बघा. माणिकराव कोकाटेंना २० फेब्रुवारीला नाशिकच्या कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा सुनावली, सरकारी कोट्यातल्या फ्लॅटच्या जुन्या प्रकरणात. ते अपिलात गेलेत, तो त्यांचा हक्क आहे. पण मार्च २०२५ मध्ये कृषिमंत्री होतेच. शिक्षा झालेला राहतो आणि आरोपी नसलेला जातो, म्हणजे कायद्याने काहीच ठरत नाहीये, किती गवगवा होतो त्यावर ठरतंय.

सरळमार्गी
बघा, हेच तर मी म्हणतोय वेगळ्या शब्दांत!! गवगव्यावर ठरत असेल तर ते धोक्याचं आहे. १९९६ ला हवाला प्रकरणात नाव आलं तेव्हा अडवाणींनी खासदारकी सोडली आणि सुटेपर्यंत निवडणूक लढणार नाही म्हणाले, आणि नाही लढले. त्याला मी मानतो. कुणी मोर्चा काढून ते करवून घेतलं नव्हतं, माणसाने स्वतः ठरवलं. ओढून काढलेल्या राजीनाम्याला काय किंमत आहे?

तळ्याकाठचा
अडवाणींचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं असं मला वाटतं. तेव्हाही सिद्ध काही झालं नव्हतं, तरी गेले, आणि कशासाठी जातोय ते पण सांगितलं. आपोआप देत असते तर मोर्चा कुणी काढला असता? बीडच्या बायाबापड्यांना काय हौस होती का उन्हातान्हात चालायची.

परळीपासून_लांब
तुमचं चालू द्या, मी फक्त एक सांगतो. आमच्याकडे आता काल रात्रीपासून दुसरंच सुरू झालंय, हा आमच्या समाजाचा, तो तुमच्या समाजाचा. शाळेपासूनचे मित्र एकमेकांना ब्लॉक करतायत. सरपंच गेला तो पवनचक्कीच्या कंपनीकडे खंडणी मागायला आलेल्यांना आडवा गेला म्हणून, असं तपासात आलंय, त्यात जात कुठून आली. राजीनाम्याला कुणी आपल्या समाजाचा विजय म्हणू नका आणि कुणी अपमान पण समजू नका, हात जोडून सांगतो.
उज्ज्वल निकमांना सरकारी वकील नेमलंय, केस उभी राहील. पण एक आरोपी अजून फरार आहे, तीन महिने होत आले. काल दिवसभर टीव्हीवर राजीनामा राजीनामा चालला होता, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. गावाकडे फोन केला तर आई पहिलं तेच विचारते, तो सापडला का रे.