महाप्राणातला ‘प्राण’ कानाला कळतो की कातडीला?

बाराखडी:
मुलीचा व्याकरणाचा अभ्यास घेताना अडकले. पुस्तक म्हणतं, ज्यात ‘ह’ची छटा ते महाप्राण. मग त्याला सरळ ‘हकारयुक्त’ म्हणायचं, ‘प्राण’ मध्ये कुठून आला? आणि ‘क’ ते ‘म’ या 25 व्यंजनांना ‘स्पर्श’ म्हणतात, तो कोणाचा कोणाला?

तिरपागडा:
स्पर्श जिभेचा. कधी टाळूला, कधी दातांना. पवर्गात ओठाला ओठ. प्राण म्हणजे इथे जीव नव्हे, श्वास. तळहात तोंडापुढे धरा आणि ‘ताप’ म्हणा, मग ‘थाप’. ‘काट’, मग ‘खाट’. दुसऱ्या वेळी हाताला हवा लागेल. ‘फ’वर मात्र हा प्रयोग नको. हल्ली बरेच जण ‘फळ’ म्हणताना खालचा ओठ दाताला टेकवतात, मग हवा फुटत नाही, नुसती घासत जाते.

मुळाक्षर:
हे झालं बोलणाऱ्याचं. ऐकणाऱ्याचं त्याहून मजेदार आहे. ब्रायन गिक आणि डोनाल्ड डेरिक या संशोधकांनी 2009 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात एक प्रयोग छापला. लोकांना गोंगाटात ‘पा’ किंवा ‘बा’, ‘टा’ किंवा ‘डा’ ऐकवायचे आणि त्याच क्षणी हातावर किंवा मानेवर बारीकशी फुंकर सोडायची. फुंकर लागली की ‘बा’चाही ‘पा’ ऐकू येण्याचं प्रमाण वाढलं. मानेला काय ठाऊक, समोरचा काय बोलला! पण लोकांचा कौल मात्र फिरला.

त्याच वर्षी इतो, टीडी आणि ऑस्ट्री या संशोधकांनी इंग्रजी ‘हेड’ आणि ‘हॅड’ यांच्या मधले उच्चार ऐकवताना ऐकणाऱ्याच्या तोंडाशेजारची त्वचा यंत्राने ओढून पाहिली. वर ओढली की ‘हेड’कडे कल, खाली ओढली की ‘हॅड’कडे. ‘हॅड’ म्हणताना जबडा खाली जातोच ना.

पाटपाणी:
पण इंग्रजीत ‘पा’ला फुंकर कशी? प तर अल्पप्राण.

तिरपागडा:
आपला. त्यांचा शब्दारंभीचा ‘प’ हवा सोडतच येतो, आपण तरी ‘पेन’ लिहितो, ‘फेन’ नाही. त्यांच्या कानाला प-ब एवढाच निवाडा करायचा असतो. आपल्याकडे प-फ-ब-भ असे चार दावेदार. मराठी माणसाच्या मानेवर तीच फुंकर सोडली तर ‘ब’चा ‘भ’ ऐकू यावा, असा माझा आपला अंदाज.

पाटपाणी:
‘फुंकर’ शब्द मला खटकतो. फुंकर माणूस मुद्दाम घालतो, भाजलेल्या बोटावर नाहीतर चुलीत. बोलताना हवा आपोआप सुटते. ‘झोत’ म्हणा.

मुळाक्षर:
झोत म्हणजे पंख्याचा. ‘झुळूक’ फार लांबते. फुंकरच ठेवू या, निदान तोंडातून येते.

बाराखडी:
आणि कातडीने ऐकण्याला? ‘स्पर्शश्रवण’ म्हणजे शासकीय परिपत्रक वाटतं.

मुळाक्षर:
‘चाहूल लागणे’ जवळचं. चाहूल कानाला लागते की अंगाला, हे आपण कधी ठरवलंच नाही. तसंही मराठीत ‘लागणे’ सगळीकडे चालतं: ठेच लागते, गोड लागतं, गवयाचा सूर लागतो, आणि कोणाचं बोलणंही लागतं.

अमेरिकेत 1920च्या दशकात सोफिया अल्कॉर्न या शिक्षिकेने ऐकू-दिसू न येणाऱ्या मुलांना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हात ठेवून भाषा शिकवली. अंगठा ओठांवर, बोटं जबड्यावर आणि गळ्यावर. टॅड आणि ओमा या तिच्या दोन विद्यार्थ्यांवरून त्या पद्धतीला ‘टडोमा’ नाव पडलं. तिथे ‘चाहूल’ अपुरा पडेल. तिथे सरळ ‘ऐकणे’च म्हणावं.

बाराखडी:
मुलीने मेणबत्ती लावून पाहिली. ‘ट’ला ज्योत हलली, ‘ठ’ला विझली, ‘म्हैस’ला नुसती वाकली. आता ‘ळ’ कुठल्या वर्गात, असं विचारते आहे. त्यासाठी नवा धागा काढते.